नेता हुकूमशहा होईल, हे भय अनाठायी आहे काय?

पुण्याच्या स्वारगेट येथील ज्या चौकातून साताऱ्याकडे जाणारा रस्ता निघतो, त्या चौकाला केशवराव जेधे यांचे नाव आहे. तेथून रोज हजारो माणसे जातात-येतात. परंतु या नावाशी निगडित असलेला एक खटला आज क्वचितच कोणाच्या स्मरणात असेल. १९२५ साली दिनकरराव जवळकर यांनी ‘देशाचे दुश्मन’ हे पुस्तक लिहिले व जेधे यांनी ते प्रसिद्ध केले. लोकमान्य टिळक आणि विष्णुशास्त्री चिपळूणकर या दोन दिवंगत पुढाऱ्यांवर त्यात अत्यंत जहाल टीका होती. लेखक, प्रकाशक व त्यांचे सहकारी यांच्यावर अब्रुनुकसानीची फिर्याद झाली, खालच्या न्यायालयाने त्यांना शिक्षा ठोठावली, आणि १९२६ साली पुण्याच्या सत्र न्यायालयात अपील चालले तेव्हा त्यांच्या बाजूने उभे राहिले ते बॅरिस्टर भीमराव आंबेडकर. आरोपी निर्दोष सुटले. त्या पुस्तकाची भाषा आम्हांस अनुकरणीय वाटत नाही. ती अनेक ठिकाणी सभ्यतेची मर्यादा सोडते. परंतु खटल्यातील प्रश्न भाषेच्या सभ्यतेपुरता नव्हता. ज्या समाजात दिवंगत नेत्याच्या नावाने जिवंत टीकाकाराला तुरुंगात पाठविता येते, त्या समाजात जिवंत नेत्याला प्रश्न विचारण्यास कोण धजावेल?

हा खटला येथे आठवण्याचे कारण असे की, धम्मवर्गांतून आणि व्याख्यानांनंतरच्या चर्चांतून उपासक-उपासिका एक प्रश्न वारंवार विचारीत असतात. आज ज्याच्या मागे आपण जात आहोत तो नेता उद्या हुकूमशहा होईल, असे भय बाळगणे योग्य आहे काय? की असे भय म्हणजे आपल्याच माणसाविषयीचा अविश्वास, आणि म्हणून चळवळीला घातक? याची दोन तयार उत्तरे प्रचलित आहेत. पहिले उत्तर असे की, नेता त्यागी आहे, निःस्वार्थी आहे, तेव्हा भय अनाठायी आहे. दुसरे असे की, सत्ता सर्वांनाच बिघडविते, तेव्हा कोणताच नेता नको. पहिले उत्तर भाबडे आहे आणि दुसरे आळशी आहे. दोन्हींमध्ये विचार केला जातो तो फक्त नेत्याच्या स्वभावाचा. आमच्या मते हे भय सार्थ आहे. इतकेच नव्हे, तर नेता जितका थोर तितके ते अधिक सार्थ आहे. मात्र त्या भयाने आपली नजर नेत्याच्या अंतःकरणाकडे वळविण्याऐवजी अनुयायांच्या वृत्तीकडे आणि संस्थेच्या नियमांकडे वळविली पाहिजे. भगवान बुद्धांनी तेच केले आणि बोधिसत्त्व डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनीही तेच केले.

बाबासाहेबांनी या विषयाचे सर्वांत सविस्तर विवेचन केले ते याच पुणे शहरात. १८ जानेवारी १९४३ रोजी, न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे यांच्या १०१ व्या जयंतीनिमित्त, डेक्कन सभेच्या निमंत्रणावरून त्यांनी गोखले स्मारक सभागृहात व्याख्यान दिले. ते ‘रानडे, गांधी आणि जीना’ या नावाने त्याच वर्षी पुस्तकरूपाने प्रसिद्ध झाले. तो काळ लक्षात घेतला पाहिजे. युरोपात हिटलर आणि मुसोलिनी सत्तेवर होते. येथे गांधीजी याच पुण्यात आगाखान पॅलेसमध्ये स्थानबद्ध होते आणि बाबासाहेब व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खात्याचे सदस्य होते. अशा वेळी देशातील दोन सर्वांत बलाढ्य नेत्यांच्या अहंकारावर आणि त्यांच्याभोवतीच्या भक्तीवर पुण्यात उभे राहून बोट ठेवणे ही लहानसहान गोष्ट नव्हती. त्यांच्यावर टीका झालीही. पुस्तकाच्या प्रस्तावनेत तिला त्यांनी उत्तरही दिले.

या व्याख्यानाचा उल्लेख पुष्कळ होतो, पण त्याचा एक भाग सहसा सांगितला जात नाही. थोर पुरुषांना इतिहासात काही स्थानच नसते, हे मत बाबासाहेबांनी तेथे खोडून काढले आहे. माणूस इतिहास घडवितो, थोर माणूस तो अधिक घडवितो, आणि केवळ प्रामाणिकपणा किंवा केवळ बुद्धी यांमुळे कोणी थोर ठरत नाही. त्याच्या कार्यामागे समाजहिताची प्रेरणा असावी लागते, असा त्यांचा विचार आहे. म्हणजे बाबासाहेब नेतृत्वाचे शत्रू नव्हते. त्यानंतरच ते नायकपूजेचे दोन प्रकार वेगळे करतात. नायकाविषयी मनात अपार आदर बाळगणे आणि तो उघडपणे व्यक्त करणे हा एक प्रकार; त्याला त्यांची हरकत नाही. नायक सांगेल ते निमूटपणे पाळणे हा दुसरा. तो त्यांना घातक वाटतो. पहिल्यात माणसाची विचारशक्ती शाबूत राहते, दुसऱ्यात ती हरपते आणि राष्ट्राला धोका उत्पन्न होतो. १४ एप्रिलला पुतळ्याला हार घालणारा माणूस यांपैकी कोणत्या प्रकारात मोडतो हे हारावरून ठरणार नाही. १५ एप्रिलला तो स्वतः काही वाचतो काय, पुढाऱ्याला काही विचारतो काय, यावरून ते ठरेल.

येथे एक गोष्ट नमूद करणे अगत्याचे आहे. हुकूमत गाजविण्यासाठी सरकारी पद असावेच लागते असे नाही. सप्टेंबर १९३२ मध्ये येरवड्याच्या तुरुंगात गांधीजींनी अस्पृश्यांच्या स्वतंत्र मतदारसंघांविरुद्ध प्राणांतिक उपोषण आरंभिले तेव्हा त्यांच्याकडे कोणतेही शासकीय अधिकारपद नव्हते; ते तर कैदी होते. तरीही २४ सप्टेंबरला पुणे करारावर सह्या झाल्या. बाबासाहेबांवर जे दडपण आले ते तुरुंगातील एका माणसाच्या हुकमामुळे नव्हते. त्या माणसाचे बरेवाईट झाले तर त्याचे कोट्यवधी भक्त गावोगावच्या असहाय अस्पृश्य वस्त्यांचे काय करतील, या विचारामुळे ते आले होते. हा भेद आम्हांस फार महत्त्वाचा वाटतो. हुकूमशहाचे सामर्थ्य त्याच्या मुठीत नसते. ते त्याला वाहिलेल्या लोकांच्या मुठींत असते. म्हणूनच नेत्याच्या साधेपणाचे, उपवासाचे वा त्यागाचे दाखले देऊन हे भय दूर होत नाही.

२५ नोव्हेंबर १९४९ रोजी संविधान सभेतील आपल्या अखेरच्या मोठ्या भाषणात बाबासाहेबांनी देशाला जे तीन इशारे दिले, त्यांतील दुसरा याच विषयावरचा होता. इंग्रज तत्त्ववेत्ता जॉन स्टुअर्ट मिल याचा आधार घेऊन त्यांनी बजावले की, कितीही थोर पुरुष असला तरी आपले स्वातंत्र्य त्याच्या चरणी वाहू नये आणि संस्थांचा घात करता येईल एवढी सत्ता त्याच्या हाती सोपवू नये. देशासाठी आयुष्य वेचलेल्यांविषयी कृतज्ञता असावी, पण कृतज्ञतेलाही मर्यादा असावी. धर्मात भक्ती मोक्षाचा मार्ग असेलही, राजकारणात मात्र ती अधोगतीकडे आणि शेवटी हुकूमशाहीकडे नेते, असे त्यांचे प्रतिपादन होते. हा इशारा सर्वांना पाठ असतो. पण त्याच भाषणात त्यांनी आणखी एक गोष्ट सांगितली होती, ती बौद्धांनी विशेषेकरून लक्षात ठेवावयास हवी. भारताला लोकशाही ठाऊक नव्हती असे नाही, हे सांगताना त्यांनी भिक्खुसंघाचा दाखला दिला. आसनव्यवस्था, ठराव मांडण्याची रीत, गणपूर्ती, मतमोजणी, गुप्त मतदान या सर्वांचे नियम संघाला माहीत होते व ते पाळले जात होते, हे त्यांनी सभागृहाच्या निदर्शनास आणले. आमच्या दृष्टीने दुसरा इशारा आणि हा दाखला ही एकाच विचाराची दोन अंगे आहेत: भक्ती हा रोग, आणि नियमबद्ध सभा हा त्यावरचा उपचार.

तीन वर्षांनी, २२ डिसेंबर १९५२ रोजी, पुण्याच्या डिस्ट्रिक्ट लॉ लायब्ररीत वकिलांपुढे बोलताना त्यांनी लोकशाही यशस्वी होण्यास आवश्यक अशा अटी सांगितल्या. तीव्र सामाजिक विषमतेचा अभाव, प्रबळ विरोधी पक्ष, कायद्यापुढे व कारभारात समानता, संवैधानिक नीती, बहुमताची जुलूमशाही नसणे, समाजाची नैतिक बैठक आणि लोकांची सदसद्विवेकबुद्धी अशा त्या होत. सत्ताधाऱ्याला कोणीतरी ‘नाही’ म्हणणारा असलाच पाहिजे, यावर त्यांचा विशेष भर होता. संवैधानिक नीतीचा अर्थ समजावताना त्यांनी जॉर्ज वॉशिंग्टन याचे उदाहरण घेतले. अमेरिकेच्या लोकांना तो देवासारखा वाटत होता. त्याने पुन:पुन्हा अध्यक्ष व्हावे असा त्यांचा आग्रह होता. वॉशिंग्टन दुसऱ्यांदा अध्यक्ष झाला, पण तिसऱ्यांदा त्याने नकार दिला. यातील मेख वाचकांच्या लक्षात यावी. सत्तेची हाव येथे नेत्याला नव्हती. त्याला राजा करण्याची हाव लोकांना होती. पुढे दीडशे वर्षे अमेरिकेत दोन कारकिर्दींची प्रथा केवळ त्या एका माणसाच्या उदाहरणावर टिकली, आणि फ्रँकलिन रूझवेल्ट चार वेळा निवडून आल्यानंतर १९५१ साली तिला घटनादुरुस्तीने कायद्याचे रूप द्यावे लागले. सज्जनाचे उदाहरणही अखेर नियमात बांधावे लागते, ते असे.

आता आपण मुळाकडे, म्हणजे विनयाकडे वळू.

पालि वाङ्मयात संपत्तीवरील आपत्ती मोजताना राजा, चोर, अग्नी, पाणी आणि अप्रिय वारस अशी नावे एका ओळीने येतात. राजाला चोराच्या शेजारी बसविणारी ही परंपरा सत्तेविषयी भाबडी नव्हती. भगवंतांच्या डोळ्यांसमोरच मगधाच्या अजातशत्रूने आपला पिता बिंबिसार याचा घात केला. त्या कृत्यामागे चिथावणी होती देवदत्ताची. हा देवदत्त बाहेरचा शत्रू नव्हता. तो संघातील, ऋद्धिमान म्हणून गाजलेला, राजकुमाराचा आवडता असा भिक्खू होता.

चुल्लवग्गात त्याची कथा येते. भरसभेत उठून तो म्हणाला की, भगवान आता वृद्ध झाले आहेत, त्यांनी विश्रांती घ्यावी आणि संघ आपल्या हवाली करावा. भगवंतांनी नकार दिला. सारिपुत्त आणि मोग्गल्लान यांच्याही हाती आपण संघ सोपविणार नाही, असे सांगितले. आम्हांस हा नकार फार अर्थपूर्ण वाटतो. देवदत्ताला नकार देणे सोपे होते. पण सारिपुत्त-मोग्गल्लान हे तर निष्कलंक अर्हत होते. त्यांच्याही हाती नाही, याचा अर्थ असा की प्रश्न व्यक्ती लायक आहे की नालायक हा नव्हताच. संघ ही कोणाच्या हाती सोपविण्याची वस्तूच नव्हती.

यापुढचा प्रसंग तितका परिचित नाही. संघाने देवदत्ताविषयी प्रकाशनीय कर्म केले. म्हणजे यापुढे देवदत्त कायेने वा वाचेने जे करील ते त्याचे एकट्याचे समजावे, त्यात बुद्ध, धम्म व संघ यांना पाहू नये, असे राजगृहात जाहीर करावयाचे ठरविले. ते जाहीर करण्याचे काम सारिपुत्तांकडे आले. सारिपुत्त संकोचले. पूर्वी याच राजगृहात त्यांनी देवदत्ताची स्तुती केली होती. आता त्याच तोंडाने विरुद्ध कसे सांगावे? भगवंतांचे उत्तर असे होते की, तुमची ती स्तुती त्या वेळी खरी होती, आणि हे प्रकाशन आज तसेच खरे आहे.

या उत्तरावर आमच्या कार्यकर्त्यांनी थोडे थांबावे, अशी आमची विनंती आहे. काल आपण ज्याचा जयजयकार केला त्याच्याविषयी आज शंका व्यक्त केली तर आपण खोटे ठरू, या लाजेपोटीच कितीतरी माणसे गप्प राहतात. नेत्यालाही हे पक्के ठाऊक असते. जुनी स्तुती हे त्याच्या हातातील तारणच होऊन बसते. सारिपुत्तांना मिळालेले उत्तर हे तारण सोडवून देते. माणूस बदलतो, अनित्यतेच्या नियमाला नेताही अपवाद नाही, आणि म्हणून कालच्या सत्य स्तुतीने आजचे सत्य निवेदन अडत नाही.

भगवंतांनी स्वतःलाही या परीक्षेतून वगळले नव्हते. मज्झिमनिकायातील वीमंसकसुत्तात तथागताचीच तपासणी कशी करावी, डोळ्यांनी काय पाहावे, कानांनी काय ऐकावे, हे भिक्खूंना सांगितले आहे. कालामसुत्ताचा उल्लेख आपल्याकडे भाषणागणिक होतो; वीमंसकसुत्त मात्र क्वचितच कोणी वाचून दाखवितो, कारण ते ऐकल्यावर श्रोत्यांची नजर साहजिकच व्यासपीठाकडे वळते. संयुत्तनिकायात पवारणेचा एक प्रसंग आहे. श्रावस्तीच्या पूर्वारामात वर्षावासाच्या अखेरीस भगवंतांनी जमलेल्या भिक्खूंना विचारले की, माझ्या काया-वाचेच्या वर्तनात तुम्हांला काही गर्हणीय आढळले काय? सारिपुत्तांनी ‘नाही’ असे उत्तर दिले आणि मग तोच प्रश्न स्वतःविषयी भगवंतांना विचारला. उत्तर काय येणार हे जेथे सर्वांना ठाऊक होते, तेथेही प्रश्न विचारला गेला. कारण तो नियम होता.

परिनिर्वाणापूर्वीही भगवंतांनी आनंदाला स्पष्ट केले की, संघ आपल्यावर अवलंबून आहे असे तथागताला वाटत नाही. आपल्यामागे धम्म आणि विनय हेच शास्ते होत. मगधाचा महामात्य वस्सकार याला हे काही केल्या उमजेना. गोपकमोग्गल्लानसुत्तात तो आनंदाला विचारतो, भगवंतांनी आपल्यामागे कोणाची नेमणूक केली आहे काय? नाही. मग संघाने कोणाला निवडले आहे काय? तेही नाही. मग तुमची एकजूट टिकते तरी कशी? आनंदाचे उत्तर असे की, आम्ही निराधार नाही, धम्म आमचा आधार आहे. एका क्षेत्रात राहणारे आम्ही उपोसथाला एकत्र जमतो, पातिमोक्खाचे पठण होते, आणि कोणाकडून दोष घडला असेल तर त्याच्याविषयी धम्मानुसार कर्म होते. आमच्याकडून ते करविणारी कोणी व्यक्ती नसते, तो धम्म असतो. बाबासाहेबांनीही ‘बुद्ध की कार्ल मार्क्स’ या निबंधात उत्तराधिकारी न नेमण्याची ही गोष्ट मुद्दाम सांगून भगवान बुद्ध हुकूमशहा का नव्हते हे दाखविले आहे.

नियम म्हणजे नेमके काय, हेही थोडक्यात पाहू. संघकर्माला किमान उपस्थिती लागते. कर्माच्या प्रकारानुसार चार, पाच, दहा किंवा वीस भिक्खू. प्रस्ताव प्रथम मांडावयाचा, ती ज्ञप्ती. महत्त्वाच्या कर्मात तो तीन वेळा ऐकवावयाचा, ते अनुश्रावण. प्रत्येक वेळी ज्याला मान्य नसेल त्याने बोलावे, असे म्हणून थांबावयाचे. वाद न मिटल्यास शलाका वाटून बहुमत घ्यावयाचे. शलाका वाटणारा भिक्खू छंद, द्वेष, मोह आणि भय या चार अगतींपासून मुक्त असावा लागतो. बहुमत धम्माविरुद्ध जात आहे असे दिसल्यास ते मतदान रद्द ठरविण्याचा अधिकारही त्याला दिलेला आहे. आजच्या वाचकाला हा अधिकार धोक्याचा वाटेल, आणि आमच्या मते तो तसा आहेही. परंतु बहुमत म्हणजेच न्याय नव्हे, ही जाणीव त्यामागे आहे. आणि अपुऱ्या संघाने, ज्यांनी यावयास हवे त्यांना न बोलावता केलेले कर्म म्हणजे वग्गकम्म. ते विनयानुसार ग्राह्य नसते.

हे वग्गकम्म ध्यानात ठेवून २५ जून १९७५ ची रात्र पाहावी. पंतप्रधान इंदिरा गांधी यांच्या सल्ल्यावरून राष्ट्रपतींनी त्या रात्री आणीबाणीच्या उद्घोषणेवर सही केली. मंत्रिमंडळाला ते दुसऱ्या दिवशी सकाळी कळले. प्रस्ताव मांडला गेला नाही, ऐकवला गेला नाही, कोणाचे मत विचारले गेले नाही. पुढील २१ महिन्यांत वृत्तपत्रांवर पूर्वनियंत्रण आले, हजारो माणसे विनाचौकशी स्थानबद्ध झाली. येरवड्याचा तुरुंग अशा स्थानबद्धांनी भरला. २८ एप्रिल १९७६ रोजी सर्वोच्च न्यायालयानेही चार विरुद्ध एक अशा मताने स्थानबद्धांना न्यायालयाचे दार बंद केले. विरोधातील एकमेव मत न्यायमूर्ती हंसराज खन्ना यांचे होते. पुढे सरन्यायाधीशपदासाठी त्यांना डावलण्यात आले आणि त्यांनी राजीनामा दिला.

या प्रकरणी आपणा आंबेडकरानुयायांना एक अवघड गोष्ट मान्य केली पाहिजे. हे सारे संविधानाच्या ३५२ व्या कलमाखालीच झाले. ऑगस्ट १९४९ मध्ये संविधान सभेत ह. वि. कामत यांनी आणीबाणीच्या तरतुदींना कडवा विरोध केला होता. जर्मनीच्या वायमार संविधानातील अशाच तरतुदींच्या वाटेने हिटलर आला, याची त्यांनी आठवण दिली होती. मसुदा समितीने व सभेने ते भय मान्य केले नाही. पण ते भय खरे ठरले. हे सांगण्यात बाबासाहेबांचा अवमान आहे असे ज्यांना वाटेल त्यांनी १९४३ चे व्याख्यान पुन्हा वाचावे. संविधान कितीही चांगले असले तरी ते राबविणारे वाईट निघाले तर ते वाईटच ठरेल, हे बाबासाहेबांनीच सांगितले होते. १९७८ च्या ४४ व्या घटनादुरुस्तीने ‘अंतर्गत अशांतता’ हे सैल शब्द जाऊन ‘सशस्त्र उठाव’ हे शब्द आले, मंत्रिमंडळाचा लेखी निर्णय आवश्यक ठरला, संसदेची विशेष बहुमताने एका महिन्यात मान्यता लागू लागली, आणि २० व २१ ही कलमे आणीबाणीतही स्थगित करता येणार नाहीत असे ठरले. लेखी निर्णयाची ही अट वाचताना आम्हांस विनयातील ज्ञप्तीची आठवण झाल्यावाचून राहत नाही.

त्या काळात महाराष्ट्रातून उठलेला एक आवाज येथे मुद्दाम स्मरावयाचा आहे. १९७५ साली कराड येथील मराठी साहित्य संमेलनाच्या अध्यक्षपदावरून दुर्गा भागवत आणीबाणीविरुद्ध निर्भयपणे बोलल्या. पुढे त्यांना कारावासही भोगावा लागला. लोकसाहित्याच्या अभ्यासक म्हणून त्या सर्वांना परिचित आहेत. परंतु बौद्ध विनयातील न्यायव्यवस्था हा त्यांच्या आरंभीच्या अभ्यासाचा विषय होता, आणि त्यांचा त्यावरील इंग्रजी ग्रंथ १९३९ साली पुण्यातूनच प्रसिद्ध झाला होता, हे फार थोड्यांना ठाऊक असते. विनयाच्या अभ्यासाने त्यांना ते धैर्य दिले असे आम्ही म्हणणार नाही; तसा पुरावा आमच्यापाशी नाही. तरीही हा योगायोग आम्हांस सुखावतो. याउलट, दलित चळवळीतील काही मंडळी त्या वेळी आणीबाणीच्या बाजूने उभी राहिली, हेही लपविण्यात अर्थ नाही. वीस कलमी कार्यक्रमातून गरिबांचे भले होईल, ही आशा त्यामागे होती. पीडितांना बलवान हाताचा मोह अधिक पडतो, कारण दुर्बळ हातांचा त्यांनी पिढ्यान्‌पिढ्या अनुभव घेतलेला असतो. चक्कवत्तिसीहनादसुत्तात निर्धनांना धन न देणाऱ्या राजाच्या राज्यात प्रथम चोरी, मग शस्त्र, मग हत्या असा अधःपात कसा होत जातो ते वर्णिले आहे. विषमता हीच हुकूमशाहीची सुपीक जमीन आहे. पुण्याच्या वकिलांपुढे बोलताना बाबासाहेबांनी विषमतेचा अभाव ही अट पहिली सांगितली, यात आम्हांस आश्चर्य वाटत नाही.

यावर एक आक्षेप हमखास येतो, आणि तो वजनदार आहे. आपली चळवळ हुकूमशाहीने कधी बुडाली? ती तर फाटाफुटीने बुडाली. ३ ऑक्टोबर १९५७ रोजी नागपुरात स्थापन झालेला रिपब्लिकन पक्ष काही वर्षांतच फुटला आणि पुढे फुटतच राहिला. तेव्हा आपल्याला भय हवे ते फुटीचे, नेत्याच्या जुलमाचे नव्हे. एकमुखी नेतृत्व हाच त्यावर उपाय. आक्षेपातील वस्तुस्थिती आम्हांस मान्य आहे, निष्कर्ष मान्य नाही. प्रत्येक गटाची ओळख कोणत्या तत्त्वाने होते, की एका व्यक्तीच्या नावाने? जेथे आत राहून मतभेद नोंदविण्याची रीत नसते तेथे मतभेद असणाऱ्याला दोनच वाटा उरतात: गप्प बसणे किंवा बाहेर पडून स्वतःचा गट काढणे. पहिल्या वाटेने हुकूमशाही येते, दुसरीने फूट. ती एकाच घरातील दोन भावंडे आहेत. देवदत्तानेही, संघ हाती येईना हे पाहून, संघभेदच केला होता.

आणि अनुयायांचे काय? कोसंबीचे भिक्खू एका क्षुल्लक आपत्तीवरून इतके भांडले की भगवंतांचेही ऐकेनात. भगवान त्यांना सोडून पारिलेय्यकाच्या वनात निघून गेले. त्यांना वठणीवर आणले ते कोसंबीच्या उपासकांनी. त्यांनी त्या भिक्खूंना वंदन करणे थांबविले, भिक्षा देणे थांबविले. थोड्याच दिवसांत ते भिक्खू श्रावस्तीला जाऊन भगवंतांपुढे वाद मिटविण्यास तयार झाले. उपासकाच्या हाती काहीच नसते, असे म्हणणाऱ्याने महावग्गातील ही कथा वाचावी. आदर आणि दान दोन्ही त्याच्याच हातून जातात, आणि तोच ती थांबवू शकतो.

आम्ही ज्या भयाविषयी बोलत आहोत ते चार अगतींपैकी भय नव्हे, हेही येथे स्पष्ट करावयास हवे. अगतीतील भय माणसाला गप्प करते. पुढाऱ्याची मर्जी जाईल, कमिटीतून नाव कमी होईल, समाजात एकटे पडू, असे ते भय. हे दुसरे भय म्हणजे अप्रमाद होय. ते माणसाला हिशोबाची वही मागावयास लावते. आमच्या पाहण्यात असे एक विहार आहे की जेथे अनेक वर्षे निवडणूक झाली नाही, आणि जमाखर्च विचारणाऱ्या तरुणाला ‘तुझा बाबासाहेबांवर विश्वास नाही काय?’ असे उत्तर मिळाले. अध्यक्ष अत्यंत प्रामाणिक गृहस्थ होते, यात शंका नाही. म्हणूनच कोणाला निवडणुकीची गरज भासली नाही. त्यांच्यामागून जे येतील तेही तसेच असतील याची हमी मात्र कोणी घेतली नव्हती.

आश्विन पौर्णिमेला वर्षावास संपतो व पवारणा होते. आपल्या विहारांत त्या दिवशी भिक्खूसंघाला दान दिले जाते, प्रवचन होते, भोजन होते. भिक्खू आपापसांत पवारणा करतात ती आत, उपासकांच्या नजरेआड. त्याच सायंकाळी विहार समितीच्या पदाधिकाऱ्यांनीही जमलेल्या उपासक-उपासिकांपुढे, व्यासपीठावर न बसता खाली सतरंजीवर बसून, वर्षाचा जमाखर्च वाचावा आणि जे पाहिले, जे ऐकले, ज्याची शंका आली, ते सांगावे अशी विनंती करावी. विनंती तीन वेळा करावी, प्रत्येक वेळी थोडे थांबावे, आणि प्रथम बोलण्याची संधी सभेतील सर्वांत लहान वयाच्या व्यक्तीला द्यावी.